कमान उभी राहिली, पण नळ कोरडाच!

गोष्ट २०२४ सालच्या एप्रिल महिन्यातली. एका वस्तीवर फळबागेला आच्छादन कसे करावे, हे दाखवायला गेलो होतो. माझे गाव माझ्या सज्जात येत नाही, पण वाटेवर आहे. परत येताना जुनी शाळा दिसली, म्हणून गाडी उभी केली आणि आत डोकावलो.

दारात झोकदार कमान. भिंतींना पिवळा-तांबडा रंग. व्हरांड्यात पाणी शुद्ध करायचे चकचकीत मशीन, आणि त्यावर पाटी - 'सप्रेम भेट, माजी विद्यार्थी'. मी नळाची चावी फिरवली. नुसती हवा फुसफुसली. खालच्या ताटलीत खडूचे तुकडे आणि वाळलेली पाने पडलेली. तेवढ्यात पोषण आहार शिजवणाऱ्या मावशी डोक्यावर एक आणि कमरेवर एक अशा दोन घागरी घेऊन फाटकातून आल्या. शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवरून पाणी आणत होत्या.

मी विचारले, "मावशी, मशीन बिघडलंय का?"

घागर खाली ठेवत त्या म्हणाल्या, "मशीनला काय धाड भरलीया भाऊ? बोअरच आटलंय. मशीन पाणी गाळतंय, पाणी काढत न्हाय."

वाचकहो, त्या पाटीमागे माझेही पैसे आहेत. आम्ही २००३ साली त्या शाळेतून सातवी पास झालो. २०२२ च्या दिवाळीत आमच्या बॅचचा स्नेहमेळावा झाला, वर्गणी जमली आणि शाळेला हे सगळे दिले. तेव्हा टाळ्या वाजल्या, फेटे बांधले गेले, फोटो निघाले. दीड वर्षात मावशीच्या डोक्यावरची घागर काही उतरली नाही. म्हणून आज हे लिहितो आहे. दुसऱ्या कुणाला दोष देण्यासाठी नाही, आधी स्वतःलाच चार शब्द सुनावण्यासाठी.

चूक कुठे झाली?

आता गावोगाव असे मेळावे होतात. दिवाळीत नाहीतर मे महिन्यात जुनी पोरे जमतात. कुणी पुण्याला, कुणी चाकणला कंपनीत, कुणी मुंबईला, कुणी आखातात. मोबाईलवर गट होतो, बघता बघता लाख-दोन लाख जमतात. गुरुजींचा सत्कार होतो. मग 'शाळेला काहीतरी द्यायचे' असे ठरते. ही भावना खरी आहे. तिची टिंगल करण्याचे काही कारण नाही. ज्या शाळेने अक्षरओळख दिली, तिला चार पैसे द्यावेसे वाटणे हे चांगल्या संस्काराचेच लक्षण.

पण देणगी काय द्यायची, हे ठरते कसे? आमचे असे ठरले : एकजण म्हणाला कमान, दुसरा म्हणाला रंग, तिसऱ्याच्या ओळखीचा मशीनवाला होता. झाले! गुरुजींना विचारले ते सगळे ठरल्यावर. त्यांनी भिडेखातर मान डोलावली. मावशींना कुणी विचारलेच नाही. मुलींना तर नाहीच नाही. आणि बोअर किती फूट आहे, मार्चनंतर पाणी टिकते का, मोटरचे वीजबिल कोण भरते, हे विचारायला हवे होते ते मी. कारण माझा धंदाच तो. कृषी पदविका घेऊन मी नोकरीला लागलो. आमच्या पदाचे नाव कागदावर आता बदलले, पण गावात अजून कृषी सहायकच म्हणतात. दहा-बारा वर्षे शेतकऱ्यांना सांगत आलो की दादा, आधी विहिरीचे पाणी मोज, मग ऊस लावायचा की हरभरा ते ठरव. ठिबक घ्यायच्या आधी स्रोत बघ. आणि स्वतःच्या शाळेत मात्र स्रोत न बघता मशीन बसवून मोकळा झालो!

२०२२ ला पाऊस चांगला होता, बोअर धो धो चालत होते. २०२३ ला पावसाने दगा दिला, राज्यात ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. चांगल्या वर्षी केलेला हिशेब वाईट वर्षी कोलमडतो, हे शेतकऱ्याला सांगायला नको. देणगीदारांना मात्र सांगावे लागते.

लोकवर्गणी नवी नाही

महाराष्ट्रात शाळा लोकांच्या पैशावर उभ्या राहिल्या, हा इतिहास आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्याच्या वसतिगृहातल्या पोरांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. गावोगावच्या लोकांनी धान्य दिले, जागा दिली, अंगमेहनत दिली. पोरांनी कष्ट करून शिकायचे, ही तिथली रीत. त्या जोरावर खेड्यापाड्यात शाळा निघाल्या.

त्या काळच्या आणि आताच्या देणगीत एक मोठा फरक आहे. तेव्हा देणारा माणूस गावातच राहत होता. ज्याने भिंतीला दगड वाहिले, तो रोज त्या भिंतीशेजारून बैल घेऊन जायचा. कौल सरकले तर त्याला दिसायचे. तोच शिडी लावून नीट करायचा. आज देणारा दोनशे किलोमीटरवर आहे. त्याचे पैसे एका मिनिटात येतात, पण तो स्वतः येतो वर्षातून एकदा. म्हणजे वस्तू येते, तिची देखभाल येत नाही. शाळेतल्या बहुतेक देणग्या मरतात त्या इथेच. मशीनची गाळणी बदलायला पैसे नाहीत, मोटर जळाली तर भरायला पैसे नाहीत, वीजबिल थकले की जोडणी तुटते. गुरुजींनी खिशातून किती वेळा भरायचे?

'हे सरकारचे काम, आम्ही का करू?'

मेळाव्यात हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, आणि तो रास्त आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्याच्या परिशिष्टातच लिहिले आहे की शाळेला सर्व ऋतूंत टिकणारी इमारत हवी, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहे हवीत, सगळ्या मुलांना पुरेसे व सुरक्षित पिण्याचे पाणी हवे, आहार शिजवायला स्वयंपाकघर हवे, मैदान हवे, कुंपण हवे. हे पूर्ण करण्याची मुदत ३१ मार्च २०१३ ला संपली. म्हणजे शाळेत पाणी मागणे ही भीक नव्हे, तो पोरांचा कायद्याने दिलेला हक्क आहे.

मग माजी विद्यार्थ्यांनी हात वर करावेत का? माझे मत - नाही. पण हात पुढे करायची रीत बदलावी. आधी जे हक्काचे आहे ते हक्काने मागायचे, आणि जिथे ते पोचत नाही तिथे आपला पैसा लावायचा. कायद्यानेच प्रत्येक सरकारी शाळेला शाळा व्यवस्थापन समिती दिली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, निम्म्या स्त्रिया असतात. शाळा विकास आराखडा करणे हे तिचे काम. आपल्या गावचा आराखडा कुणी पाहिला आहे का? बहुतेक ठिकाणी तो कपाटात असतो. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढण्याआधी तो कागद मागून घ्यावा. त्यात पाण्याचे काम लिहिलेले नसेल, तर आधी ते लिहून घ्यावे.

ग्रामपंचायतीचेही तसेच. पंधराव्या वित्त आयोगाच्या, २०२६ पर्यंतच्या काळात ग्रामपंचायतीला येणाऱ्या पैशातला मोठा वाटा पिण्याचे पाणी व स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला होता. २०१९ ला सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्येही शाळा-अंगणवाड्यांना नळजोडणी देण्याचे काम होते. माझा सरपंच आणि भाऊसाहेबांना एवढाच सवाल आहे की आपल्या गावात या पैशातून शाळेच्या वाट्याला काय आले, ते ग्रामसभेत वाचून दाखवाल का? नव्या आयोगाचा पैसा आला तर त्यात शाळेचे पाणी पहिल्या पाच कामांत घ्याल का?

यात एक धोका आहे, तोही सांगून ठेवतो. माजी विद्यार्थ्यांनी रंग देऊन शाळा चकचकीत केली की वरून पाहणीला आलेला माणूस म्हणतो, "छान आहे की शाळा! हिला कशाला निधी?" आपल्या देणगीने सरकारचे काम अलगद सुटते. म्हणून देणगी देताना ठरावात स्पष्ट लिहावे की हे काम शासनाच्या कामाला पूरक आहे, त्याच्या बदल्यात नाही.

शाळेचा पाण्याचा ताळेबंद

आता माझ्या विषयावर येतो. नगर तालुक्यातले हिवरे बाजार सगळ्यांना माहीत आहे. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले, त्यानंतर गावाने चेहरामोहरा बदलला. तिथे दरवर्षी पाऊस मोजतात, पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि मग कुठले पीक घ्यायचे ते ठरवतात. शेतीला बोअरचे पाणी वापरायचे नाही, हा गावाचा नियम. गावाला जमले ते एका शाळेला का जमू नये? शाळेचा ताळेबंद तर चौथीच्या पोराला मांडता येईल.

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. तीन वर्गखोल्या आणि व्हरांडा धरून छप्पर समजा २५ मीटर लांब आणि ६ मीटर रुंद आहे. झाले १५० चौरस मीटर. आपल्या अवर्षणी पट्ट्यात वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस धरू. १५० गुणिले ६०० म्हणजे ९० हजार लिटर. त्यातले पाचवा हिस्सा उडाले, सांडले, पहिल्या धुण्यात गेले असे समजू. उरले ७२ हजार लिटर.

आता खर्च बघा. शाळेचा पट १२०. पिणे, हात धुणे आणि खिचडी यांसाठी मुलामागे रोज ३ लिटर धरले तर दिवसाला ३६० लिटर. पहिली ते पाचवीला कायद्याने वर्षात निदान २०० दिवस शाळा भरली पाहिजे. ३६० गुणिले २०० किती? ७२ हजार लिटर! जेवढे छतावरून वाहून जाते, तेवढेच पोरांना वर्षभर लागते. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा माझाच मला राग आला. तेवढे पाणी आमच्या शाळेच्या पन्हळीतून नाल्याला जात होते आणि आम्ही कोरड्या बोअरवर मशीन बसवत होतो.

अर्थात, ७२ हजार लिटर साठवायची टाकी परवडणार नाही, आणि पाऊसही चार महिन्यांतच पडतो. १० हजार लिटरची टाकी भरली तर ती २७ दिवस पुरेल, दोन टाक्या असल्या तर ५५ दिवस. तेवढाही आधार पाऊस ओढ देतो तेव्हा मोठा असतो. टाकीत न मावणारे पाणी बोअरच्या पोटात घालायचे. त्याची रीत आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. बोअरभोवती साधारण दोन मीटर लांब-रुंद-खोल खड्डा घ्यायचा. खड्ड्यातल्या केसिंग पाइपला बारीक भोके पाडून त्यावर नायलॉनची जाळी आणि नारळाचा काथ्या घट्ट गुंडाळायचा. तळाला मोठे दगडगोटे, मग खडी, मग बारीक खडी, वर वाळू. पण लक्षात ठेवा, या खड्ड्यात फक्त छताचे पाणी. अंगणाचे, रस्त्याचे, गोठ्याकडचे अजिबात नाही. स्वच्छतागृहाचा शोषखड्डा निदान १५ मीटर लांब हवा. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायचे, कारण त्यात छतावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. मे महिन्यात छत झाडायचे. दर वर्षी वरचा वाळूचा थर बदलायचा. एवढे केले तरच उपयोग. नाही तर हा खड्डाही आमच्या मशीनचा धाकटा भाऊ होईल.

भोवतालच्या शेतकरी बंधूंनाही एक विनंती. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर-बोअर घेऊ नये, ही अट १९९३ च्या भूजल कायद्याने घातली होती. ती किती पाळली गेली हे आपण सगळेच जाणतो. शाळेच्या बोअरजवळ दोनशे फुटांवर आपण चारशे फूट खोल गेलो, तर आपल्याच नातवाच्या तोंडचे पाणी आपण ओढतो.

मशीन घ्यायच्या आधी तपासणी

शुद्ध पाण्याचे मशीन वाईट नाही. पण ते कशासाठी घ्यायचे? पाण्यात जंतू असतील तर साधी टीसीएल पावडर पुरते. १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम, अर्धा तास थांबायचे, मग ओटी चाचणीत पाणी पिवळे दिसले म्हणजे क्लोरिन आहे. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला येते. शाळेची टाकी त्याच्या रोजच्या फेरीत घेतली की झाले. पण पाण्यात फ्लोराइड असेल, नायट्रेट असेल, तर टीसीएलने ते जात नाही. फ्लोराइड लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर, नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या वर असले तर ते पाणी पोरांना देऊ नये. खतांचा बेसुमार वापर असलेल्या बागायती गावात नायट्रेट जरूर तपासावे.

म्हणून आधी नमुना प्रयोगशाळेत पाठवा, पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा. अहवाल शाळेच्या फळ्यावर लावा. मशीनची गरज निघाली तरच घ्या. आणि हेही ध्यानात धरा की असे मशीन एक लिटर शुद्ध पाणी देताना तेवढेच किंवा त्याहून जास्त पाणी बाहेर टाकते. दुष्काळी गावात ते बाहेरचे पाणी स्वच्छतागृहाच्या टाकीत वळवायची सोय नसेल, तर मशीनच बोअर रिकामे करते.

रंगाखाली भेग लपते

इमारतीबद्दल थोडे. २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानात झालावाड जिल्ह्यातल्या पिपलोदी गावी सरकारी शाळेचे छत कोसळून ७ लेकरे गेली. ही बातमी वाचून आपल्या शाळेच्या छताकडे किती जणांनी वर मान करून पाहिले? आपल्याकडे जुन्या खोल्या पुष्कळ आहेत. स्लॅबला ओल, सळई उघडी पडलेली, भिंतीला तिरपी भेग. आणि आपण काय करतो? रंग देतो! रंगाने भेग बुजत नाही, फक्त दिसेनाशी होते. हे जास्त धोक्याचे.

माजी विद्यार्थ्यांच्या पहिल्या पैशातून, किंवा खरे तर एक पैसाही न घालता, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी करून घ्यावी. अर्ज मुख्याध्यापकांनी आणि समितीने लेखी द्यावा, पोच घ्यावी. खोली धोकादायक ठरली तर तिचे निर्लेखन होते, म्हणजे ती पाडायची रीतसर मंजुरी मिळते. तोवर त्या खोलीत पोरे बसवायची नाहीत, मग वर्ग झाडाखाली भरला तरी चालेल. खोली चांगली असेल तर आधी छताची गळती, मग पन्हळ, मग फरशी, मग दारे-खिडक्या आणि सगळ्यात शेवटी रंग. परवानगीशिवाय नवे बांधकाम तर मुळीच नको. जागा कुणाच्या नावावर आहे हे उताऱ्यावर पाहिल्याशिवाय पाया खोदला की पुढे भाऊबंदकीत शाळा अडकते.

माहेरवाशिणींना विचारा

आमच्या वर्गात निम्म्या मुली होत्या. मोबाईलवरच्या गटात सुरुवातीला एकही नव्हती. लग्न होऊन गेल्या, नंबर नाहीत, अशी सबब. मशीनची ती अवस्था पाहिल्यावर आम्ही पुन्हा जमायचे ठरवले, तेव्हा दोघींचे नंबर मिळवले. त्या दोघींनी बाकीच्या शोधल्या. मग विचारले, ताई, शाळेला काय हवे? एकीने लगेच सांगितले, "मुलींच्या संडासात नळ. आमच्या वेळी दिवसभर पाणी प्यायचो नाही, जावं लागू नये म्हणून."

आम्ही सगळे गप्प झालो. सात वर्षे एका वर्गात बसलो होतो आणि आम्हाला हे माहीत नव्हते. आजही ज्या शाळेत स्वच्छतागृह आहे पण पाणी नाही, तिथे ते कुलूपबंद असते. मोठ्या मुली महिन्यातले काही दिवस घरीच राहतात. गुरुजी हजेरीपटावर गैरहजेरी मांडतात, कारण कुणी मांडत नाही.

दुसरी गोष्ट, माजी विद्यार्थी म्हणजे फक्त नोकरीवाले नव्हेत. सातवीनंतर शाळा सोडून जो गावात शेती करतो, तोही माजी विद्यार्थीच. त्याच्याकडे रोकड नसेल, पण ट्रॅक्टर आहे, ट्रॉली आहे, हातात बळ आहे, आणि मुख्य म्हणजे तो रोज गावात आहे. २०१८ च्या १ मे रोजी महाश्रमदानाला शहरातली माणसे खेड्यात येऊन टिकाव-फावडे घेऊन राबली, हे आपण पाहिले. तसा एक दिवस शाळेसाठी का नको? पैसे पुण्याचे, मेहनत गावची आणि नजर गावातल्याची, असे जुळले तर काम टिकते. पाटीवर नावे लावायचीच असतील तर खड्डा खोदणाऱ्याचेही नाव लावा, आणि देणगीच्या आकड्याप्रमाणे लहान-मोठे अक्षर करू नका. एका गावात पाटीवर कुणाचे नाव वर यावर दोन गट पडले आणि काम सहा महिने रखडले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

शंभरातले पंचवीस

माझी सूचना साधी आहे. शाळेसाठी जमलेल्या प्रत्येक १०० रुपयांतले २५ रुपये खर्चायचेच नाहीत. ते मुदत ठेवीत ठेवायचे. एक लाख ठेवले आणि व्याज ६ टक्के धरले तर वर्षाला ६ हजार, म्हणजे महिन्याला ५०० रुपये येतात. यात टीसीएल, नळाच्या चाव्या, वाळू बदलणे, छोटी दुरुस्ती भागते. मोटर जळाली तर हाताशी काहीतरी असते. व्यवहार समितीच्या ठरावाने आणि तिच्याच खात्यातून व्हावा, कुणा एकाच्या मोबाईलवर नको. पावती प्रत्येकाला, जमा-खर्च फळ्यावर, आणि वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचन. पैसा चोख राहिला तर पुढच्या वर्षी मागावा लागत नाही, आपोआप येतो.

आम्ही दुसऱ्या वेळी असेच केले. २०२५ च्या मे महिन्यात पन्हळ बसवली, बोअरभोवती खड्डा घेतला, एक टाकी उभी केली, मुलींच्या स्वच्छतागृहात नळ नेला. खर्च पहिल्या वेळेपेक्षा कमी आला. फीत कापली नाही. एका पावसाळ्यावरून मोठी फुशारकी मारणार नाही. खरी परीक्षा पुढच्या कोरड्या वर्षी आहे. जुने मशीन अजून व्हरांड्यात आहे. पाण्याचा अहवाल आला की ते ठेवायचे का काढायचे, ते समिती ठरवील.

एक कडू गोष्ट

हे सगळे लिहिले तरी एक गोष्ट लपवून ठेवणे बरे नाही. माझा मुलगा तालुक्याच्या गावी इंग्रजी शाळेत जातो. आमच्या बॅचमधल्या बहुतेकांची पोरे तशाच शाळांत आहेत. म्हणजे ज्या शाळेला आपण प्रेमाने पैसे देतो, तिथे आपली पोरे घालत नाही. २०२३ साली २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करायची चर्चा निघाली, तेव्हा गावोगाव विरोध झाला. विरोध योग्यच होता, वाडीवस्तीवरचे लहान पोर चार किलोमीटर कसे जाणार? पण पट कमी का झाला, याच्या उत्तरात आपणही आहोत.

आज त्या शाळेत कोण शिकते? शेतमजुराची, ऊसतोडीला जाणाऱ्याची, छोट्या शेतकऱ्याची पोरे. ज्यांच्याकडे दुसरा रस्ता नाही त्यांची. त्यांच्या आईबापांना ग्रामसभेत बोलायला वेळ नाही आणि कुणी ऐकतही नाही. माजी विद्यार्थ्यांचा खरा उपयोग इथे आहे. आपला पैसा कमी पडेल, पण आपला शब्द अजून गावात चालतो. तो शब्द त्या पोरांच्या पाण्यासाठी खर्च करायला काय हरकत आहे?

ग्रामसभा १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि २६ जानेवारीला असते. यापैकी जी आधी येईल तिला गावी या. फेटा नको, हार नको. शाळेच्या नळाची चावी स्वतः फिरवून बघा. पाणी आले तर पोरांबरोबर ओंजळभर प्या. नाही आले, तर त्या दिवशी सभेत तेवढाच एक विषय मांडा. कमान काय, नंतरही बांधता येईल.